खिशातली पिन

"यंत्र कशाला हवं? कपाळाला डोळे आहेत की नाहीत?" असं म्हणून वुकादिन गाडीखाली सरकला, आणि पुढची पाच मिनिटं त्याचे बूट तेवढे बोलत होते. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत थंडी मी म्हणत होती. दारात त्याची बायको देसांका शाल गुंडाळून उभी होती आणि तिचं डोकं फिरायला आलं होतं.

"आज? घराच्या संताच्या दिवशी कामाला हात लावतोस?"

"काम कुठे करतोय? कालचं राहिलंय ते संपवतोय."

"पाद्री येऊन उभा राहील दारात आणि तू ग्रीसनं माखलेला!"

"येऊ दे. त्याच्याही गाडीची चाकं मीच लावली होती, विचार त्याला."

गाडी लेकीची होती. यास्ना आदल्या दिवशी खालच्या शहरातून आपल्या पोरीला घेऊन माहेरी आली ती तक्रार घेऊनच. घाटात खड्ड्यात आदळल्यापासून तिची जुनी नीवा गाडी उजवीकडे ओढत होती, स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी तिरकी पळायची. "उद्या उतरताना ओब्रादकाकांकडे अलाइनमेंट करून घेईन," एवढंच ती बोलली आणि बापाच्या कपाळावरची शीर टरारली.

ओब्रादचं दुकान घाटाच्या पायथ्याला. तिथे चाकांना आरसे लावून पडद्यावर रेघा दाखवणारं मोठं यंत्र आहे, पार लांबून लोक येतात. पण ओब्राद हा नुसता दुकानदार नव्हे, तो या घराचा कूम. वुकादिनच्या लग्नात साक्षीला तोच उभा होता, यास्नाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेऊन तिचं नाव त्यानंच ठेवलं. त्या डोंगरावर माणूस सख्ख्या भावाशी कोर्टात भांडेल, पण कुमाशी आवाज चढवणार नाही. वुकादिननं मात्र कुमाशीच अबोला धरला होता. का, तर यंत्र आलं त्या वर्षी ओब्राद खानावळीत चारचौघांत बोलून गेला, की ही सुतळ्या बांधून चाकं लावणारी माणसं एक दिवस कुणाचा तरी जीव घेतील. नाव त्यानं कुणाचं घेतलं नव्हतं. पण सुतळ्या बांधून चाकं लावणारा त्या डोंगरावर एकच होता, आणि तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ऐकत होता!

म्हणून यास्नाच्या तोंडून ओब्रादचं नाव निघालं आणि वुकादिननं गाडीची किल्लीच काढून घेतली. त्याला काम येत नव्हतं असं नाही, बरं का. येत होतं, चांगलं येत होतं. उजव्या चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला होता, तो त्यानं स्वतःकडच्या डब्यातला नवा काढून बसवला. मग मागच्या चाकांपासून पुढच्या चाकांपर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळ्या ताणल्या, घडीच्या पट्टीनं अंतर मोजलं, दांडा थोडा फिरवला, पुन्हा मोजलं. पाठीला कळ लागेपर्यंत हेच. चाकं सुतळीला अशी लागली की ओब्रादच्या यंत्रानंही मान डोलावली असती. आता राहिलं होतं शेवटचं. सांध्याचा नट त्यानं हातानंच फिरवून ठेवला होता, तो पान्यानं आवळायचा आणि नट उलटा फिरू नये म्हणून त्याच्या भोकातून पिन घालून तिचे पाय वाकवायचे. सुतळ्या गुंडाळून झाल्या होत्या. पिन चिमटीत होती.

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. पाद्री! आज डोंगरावरच्या निम्म्या घरांचा संत एकच, निकोला, आणि पाद्री एकटा. तो नेहमीपेक्षा लवकर आला होता आणि त्याला पुढे जायची घाई होती.

"वुकादिन!" देसांका किंचाळलीच. "मेणबत्ती कोण लावणार, मी?"

मेणबत्ती यजमानानंच लावायची असते. वुकादिन धडपडत उठला. पिन गवतात पडली तर सापडायची नाही म्हणून त्यानं ती जाकिटाच्या खिशात टाकली, हात रॉकेलनं पुसले, जाकिटावर चांगला कोट चढवला आणि आत गेला. नंतर, असं तो मनाशी म्हणाला.

आणि त्या दिवशी नंतर म्हणून काही नसतंच. पाद्रीनं प्रार्थना म्हटली, दोघांनी मिळून पाव फिरवला, त्यावर वाइन ओतली, मोडला, त्याचं चुंबन घेतलं. पाद्री जातो न जातो तोच पहिले पाहुणे. संताच्या दिवसाचं बोलावणं कुणाला धाडत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला पोटभर घातल्याशिवाय सोडायचं नाही. सगळे गेल्याशिवाय यजमानानं बूड टेकायचं नाही. वुकादिन उभा होता. उकडलेल्या गव्हाचं ताट पुढे करत होता, घरची दारू, राकीया, ओतत होता, तळलेला मासा वाढत होता. प्रत्येक नव्या पाहुण्याबरोबर एक पेला त्यालाही उचलावा लागत होता. दुपार कलेपर्यंत त्याच्या गालांवर लाली आली आणि आवाज भरदार झाला.

मग दार उघडलं आणि ओब्राद आत आला.

खोलीतले चमचे थांबले. ओब्रादनं टोपी काढली, बूट झटकले आणि वुकादिनकडे पाहिलं. "संत पावो, यजमान. बोलावलं नव्हतंस, पण आज बोलावतं कोण कुणाला?"

दारात आलेल्या पाहुण्याला, आणि त्यातून कुमाला, आजच्या दिवशी काय बोलणार? वुकादिननं त्याला मिठी मारली, तीन वेळा गाल लावले आणि टेबलाच्या मानाच्या जागेवर नेऊन बसवलं. देसांकानं शालीच्या टोकानं डोळे पुसले. वुकादिनलाही आतून बरं वाटलं होतं, पण ते कबूल करील तर तो वुकादिन कसला!

"घे," त्यानं पेला पुढे केला.

"मला रासबेरीचा रस दे. गोळ्या चालू आहेत पोटाच्या."

"रस? यंत्रानं सांगितलं वाटतं तुझ्या? पडद्यावर रेघ आली असेल लाल!"

टेबल हसलं. ओब्रादही हसला. "हो ना. तुझ्यासारखी सुतळी घालून बघायची सोय नाही माझ्या पोटात."

पुन्हा हशा. सगळ्यांना हायसं वाटलं. नेमकी त्याच वेळी यास्ना कोट घालून दारात आली. उजेड जायच्या आत तिला घाट उतरायचा होता. आठ वर्षांची दुन्या तिच्या मागे, हातात आजीनं रुमालात बांधून दिलेलं केकचं ताट.

"बाबा, गाडी झाली का? नेऊ ना?"

वुकादिननं ओब्रादकडे पाहिलं. सगळं टेबल ऐकत होतं. खिशातली ती एवढीशी पिन त्या क्षणी त्याच्या डोक्यात कुठेच नव्हती. डोक्यात फक्त मानाच्या जागेवर बसून रस पिणारा ओब्राद होता.

"झाली म्हणजे काय!" तो छाती काढून म्हणाला. "स्टिअरिंग सोडून दे, सरळ घरी जाऊन उभी राहील. आणि वाटेत कुणाच्या दुकानात थांबायचं काम नाही, काय?"

यास्ना हसली, बापाच्या गालाची पापी घेतली, कुमाच्या हाताची घेतली आणि निघाली. नीवा फाटकातून बाहेर पडल्याचा आवाज आला. वुकादिननं पुढचा पेला भरला.

थोड्या वेळानं देसांका म्हणाली, मेणबत्तीची वात वाकलीये, मेण ओघळतंय. वात सरळ करायला काडी हवी म्हणून वुकादिननं जाकिटाच्या खिशात हात घातला. बोटांना काहीतरी गार, बारीक लागलं. त्यानं ते बाहेर काढलं आणि मेणबत्तीच्या उजेडात तळहातावर धरलं.

पिन.

त्याला आधी कळेचना की ही इथे कशी. मग कळलं. नट हातानं फिरवलेला. नुसता हातानं! प्रत्येक दगडावर, प्रत्येक खड्ड्यावर तो थोडा थोडा उलटा फिरणार. मग सांधा सुटणार, आणि सांधा सुटला की स्टिअरिंग कितीही फिरवा, उजवं चाक ऐकणार नाही, आपल्या मनाला येईल तिकडे जाणार. उतरताना उजव्या हाताला काय असतं? दरी.

"यास्ना," तो म्हणाला.

त्यानं फोन लावला. घाटात फोन लागत नाही हे त्याला चांगलं माहीत होतं, तरी लावला. पुन्हा लावला. फोनमधली बाई थंड आवाजात तेच तेच सांगत राहिली. टेबलावर कुणीतरी गाणं धरलं होतं. ओब्राद एकटा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

वुकादिनसमोर दोन रस्ते होते. गुपचूप मागच्या दारानं निघून आपली जुनी गाडी काढायची, पण पोटात सकाळपासूनची राकीया होती. नाहीतर ओब्रादला सांगायचं. ओब्रादला! जगातल्या कुणालाही सांगितलं असतं, पण ह्याला? हा विचार त्याच्या मनात आला, अगदी क्षणभर का होईना आला, आणि त्याची त्यालाच शिसारी आली. तो टेबलाशी गेला आणि सगळ्यांच्या देखत तळहात उघडला.

"कूम, पिन राहिली. उजव्या सांध्याची. नट आवळलेला नाही."

गाणं थांबलं. ओब्राद खुर्ची मागे ढकलून उठलाच होता. टोपीही न घेता तो दाराकडे धावला. "चल!"

"यजमान घराबाहेर?" एक म्हातारा पुटपुटला. पेटती मेणबत्ती आणि भरलं टेबल सोडून यजमान निघालेला त्या घरात कुणी कधी पाहिला नव्हता. देसांका मात्र संताच्या तसबिरीसमोर गुडघ्यांवर बसली होती.

ओब्रादची गाडी बर्फाच्या कडेनं घसरत निघाली. उजेड करडा होत चालला होता. पहिलं वळण. वुकादिननं काचेला कपाळ लावून खाली पाहिलं. टायरच्या खुणा रस्त्यावरच होत्या. दुसरं वळण. खुणा होत्या. मनात एकच घोष चालला होता: संत निकोला, तू वाटसरूंचा, माझं काय करायचं ते कर, पोरींना हात लावू नकोस.

"किती फिरवला होतास?" ओब्रादनं विचारलं.

"हातानं जेवढा जातो तेवढा."

ओब्रादनं गिअर बदलला. शिव्या घातल्या असत्या तर वुकादिननं त्या अंगावर घेतल्या असत्या, पण हा नुसता ओठ चावत गाडी चालवत होता, आणि त्याला जे माहीत होतं तेच वुकादिनलाही माहीत होतं. एका ठिकाणी खुणा वाकड्या झाल्या होत्या, कडेपर्यंत जाऊन परत आल्या होत्या.

पुढच्या वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूला, रस्त्यात काहीतरी लाल दिसलं. ओब्रादनं ब्रेक दाबला.

दुन्या होती. एकटी. लाल टोपी, हातात रुमालात बांधलेलं ताट, नाक गारठून लाल. वुकादिन गाडी थांबायच्या आत उतरला आणि बर्फात पडला, उठला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिचे दंड धरले.

"आई कुठेय? बाळा, आई कुठेय?"

"पुढे." पोरीचा आवाज रडवेला होता, पण ती रडत नव्हती. "गाडीतून खटखट आवाज यायला लागला ना, मग आई म्हणाली तू उतर, डोंगराच्या कडेनं उभी राहा. ती एकटी हळूहळू वळण उतरते आणि हॉर्न वाजवते. हॉर्न वाजला की मी चालत जायचं. असं आम्ही खूप वळणं केली, आजोबा."

"मग?"

"या वेळी हॉर्न वाजलाच नाही अजून."

वुकादिनला वाटलं आपण आता इथेच मरणार. ओब्रादनं इशाऱ्याचे दिवे लावून गाडी तिथेच सोडली. "इथेच थांब, राणी. हलू नकोस."

"हॉर्न वाजेपर्यंत हलायचं नाहीचे," दुन्या म्हणाली.

दोघं म्हातारे वळणावरून पळत सुटले. पुढचं दिसत नव्हतं, नुसता खडक. वुकादिनला ते वळण संपूच नये असं वाटत होतं. वळणापलीकडे जे काही असेल ते तोवर झालेलं नसेल, असं काहीतरी वेडंवाकडं मनात येत होतं. मग खडक संपला.

नीवा कडेला होती. उजवं चाक पार बाहेर फेकलं गेलेलं, मोडक्या पायासारखं, आणि गाडीचं नाक कठड्याच्या एका सिमेंटच्या खांबाला टेकलेलं. खांब दरीकडे कलला होता. त्यापलीकडे काही नव्हतं, फक्त खालचं धुकं. इंजिन बंद. आत यास्ना बसली होती, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, समोर बघत.

"यास्ना!"

तिनं मान वळवली नाही. "बाबा," ती कुजबुजली. "पाय ब्रेकवर आहे. काढला तर जाईल. हात सोडता येत नाहीत मला."

ओब्राद दगड शोधत होता. त्यानं मागच्या चाकांपुढे एकेक करून दगड सारले आणि लाथा मारून घट्ट बसवले. वुकादिननं दार उघडलं, लेकीच्या अंगावरून आत वाकला आणि हँडब्रेक वर खेचला, सगळ्या जिवानं खेचला. गाडी जराशी हलली, कुरकुरली, थांबली. तिची बोटं त्याला एकेक करून स्टिअरिंगपासून सोडवावी लागली. मग त्यानं तिला काखेत धरून बाहेर ओढलं आणि दोघंही रस्त्यावर बसले. ती लहान मूल कापतं तशी कापत होती. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता.

ओब्रादनं वाकून चाकामागे पाहिलं. सांधा लोंबत होता, नट कुठेच नव्हता. तो सरळ उभा राहिला, यास्नाकडे पाहिलं, वुकादिनकडे पाहिलं.

"जुनी गाडी," तो म्हणाला. "सांधाच खराब निघाला. होतं असं. माझ्या यंत्रालासुद्धा दिसत नाही असलं काही."

कुमानं हात दिला होता. धरायचा आणि घरी जायचं, एवढंच करायचं होतं. वुकादिननं खिशातून पिन काढली आणि यास्नाच्या हातावर ठेवली.

"सांधा नवा होता. ही घालायची राहिली. सकाळपासून माझ्या खिशात होती, आणि मी तुला झाली म्हणून सांगितलं."

यास्नानं पिन पाहिली. रागावली नाही. तो तिच्या रागावण्याची वाट पाहत होता, आणि ती रागावेना.

"मला पहिल्याच वळणावर कळलं, बाबा," ती म्हणाली. "स्टिअरिंग ढिलं लागलं. काहीतरी राहिलंय हे कळलं."

"मग परत का नाही फिरलीस? घर मागे होतं ग! दोन पावलांवर होतं!"

"कशी फिरणार?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. "घर पाहुण्यांनी भरलेलं. ओब्रादकाका इतक्या वर्षांनी टेबलावर बसलेले. सगळ्यांच्या देखत येऊन म्हणू, की तुम्ही लावलेलं चाक सुटलं? तुम्ही पुन्हा तोंड फिरवलं असतंत त्यांच्यापासून. माझ्यापासूनसुद्धा. म्हटलं, हळूहळू उतरू. उतरेन." ती थांबली. "तुमची भीती वाटली, बाबा. दरीची नंतर वाटली."

ओब्रादनं तोंड दुसरीकडे वळवलं. वुकादिन रस्त्यावर तसाच बसून राहिला. जे काही म्हणायचं ते आज दुपारी टेबलाशी म्हणायला हवं होतं.

वळणामागून बारीक हाक आली. "आई? येऊ का? हॉर्न वाजवणार आहेस ना?"

यास्ना उठायला गेली, पण तिचे पाय चालेनात. वुकादिन उठला. गाडीशी गेला, उघड्या दारातून आत हात घालून त्यानं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. दरीतून आवाज फिरून परत येत होता. वळणावर लाल टोपी दिसली, दोन्ही हातांत ताट धरून दुन्या सावकाश खाली येत होती. ती आईच्या मिठीत जाईपर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही.